त्रेचाळीस पानं

होकार कळवला गुरुवारी.
रविवारपर्यंत हेल्मी समजत होती, घर विकलं गेलं.
सोमवारी एजंटबाईंचा फोन:
आता तपासनीस येईल, तीन तास घेईल,
तुम्ही घरात थांबायचं नाही.
वीजपेटीची वाट मोकळी ठेवा,
भट्टीपुढचे खोके हलवा, कुत्र्याला घेऊन जा.
आणि अहवाल आला की
मनाला लावून घेऊ नका.

म्हणून ती बसलीय रस्त्यापलीकडे, गाडीत,
मांडीवर पुल्ला, काचेवर त्याच्या श्वासाची वाफ.
डुलुथचा ऑक्टोबर. सरोवराकडून येणारा वारा
गाडीलाही हलवून बघतोय, कुठे काही ढिलं आहे का.
करड्या दाढीचा माणूस शिडीवरून छपरावर गेला,
एकेक पट्टी बोटाने उचलू लागला
डॉक्टर पापणी उचलून बघतो तशी.
मग आत.
एका खोलीतला दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.
दुसऱ्या खोलीतला.
वरची, कोपऱ्यातली. तिथे तर
दोन वर्षांत कोणी बटणाला हात लावला नव्हता.

मागच्या दारी मायली हर आणि तिचा नवरा,
हातात टेप.
फ्रीझर कुठे बसेल ते मोजतायत.
अजून त्यांचं नाही. आता हिचंही नाही नीटसं.

बुधवारी अहवाल. त्रेचाळीस पानं,
फोटोंवर लाल बाण.

जिन्याच्या कठड्याच्या गजांत अंतर जास्त,
लहान मुलाचं डोकं अडकू शकतं.
(हेइक्कीचं अडकलं होतं. लोणी लावून काढलं.)

भट्टी: चालू आहे, पण आयुष्याच्या अखेरीस.
त्या ‘पण’पाशी ती बराच वेळ थांबली.
चहा गार झाला.

सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडला होता,
आत बर्चची मुळं, केसांसारखी.
आपल्या घराचं आतडं असं बघायचं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

बैठकीतलं एक सॉकेट उलटं जोडलेलं.
तीनदा सांगितलं होतं तिने ओलावीला.
“दिवा लागतोय ना?” म्हणाला, आणि पान उलटलं पेपराचं.
एकतीस वर्षं दिवा लागत राहिला.
आता हे बघ, सही-शिक्क्यानिशी, लाल बाणासकट.
तिने मान वर केली सांगायला.
पुल्लाने शेपूट हलवली.

पान अडतीस. तळघर, उत्तर कोपरा:
ओलावा आढळला नाही.

त्याच कोपऱ्यात त्याचं सुतारकामाचं बाक होतं.

एजंटबाई म्हणाल्या, तीन वाटा असतात:
दुरुस्त करून द्या, किंमत कमी करा, नाहीतर नाही म्हणा.
त्यांनी फक्त दोनच गोष्टी मागितल्यात, नळ आणि सॉकेट.
चाळीस मागणारे असतात, हेल्मी.
शनिवारपर्यंत ते माघार घेऊ शकतात, म्हणून
जास्त बोलू नका.

नळाचा अर्धा खर्च देते, हेल्मी म्हणाली.
सॉकेटला उद्या माणूस येतोय.
आणि पान अडतीस चुकलंय.

पलीकडे शांतता.

एप्रिलात बर्फ वितळलं की दोन दिवस पाणी येतं,
बादलीभर, जास्त नाही.
फॉर्मवर ती ओळ मी रिकामी सोडली होती,
तो कोपरा नेहमी तोच बघायचा.
तुमच्या माणसाने कोरड्या महिन्यात पाहिलं.
आढळलं नाही म्हणजे नाही, असं नसतं.

शुक्रवार गेला. तिने खोके पुन्हा भट्टीपुढे ठेवले,
मग पुन्हा हलवले.
कठड्याच्या गजांतून एकदा मूठ घालून पाहिली.

शनिवारी, मुदत संपायला तासभर असताना, मायलीचं उत्तर आलं:
सहाशे डॉलर कमी करा,
आणि बादली ठेवून जा.